पोरं नवी, कप मात्र हवाच

आप्पा, गावच्या कबड्डी संघाच्या कोचला तुम्ही बांधावर बसून ज्या शिव्या घालायचात, त्या सगळ्या मी इथे मस्कतमध्ये खाल्ल्या. हिंदीत, मल्याळीत, अरबीत, आणि इथल्या रुवी भागात कापडाचं दुकान असलेल्या एका रत्नागिरीच्या भाईंकडून थेट आपल्या बोलीत. तुम्ही गेलात तेव्हा मी इकडे आलोही नव्हतो, म्हणून सांगतो. इथल्या एका कॉलेजात मी वर्कशॉप शिकवतो, आणि काही वर्षं त्या कॉलेजची फुटबॉलची टीम माझ्याकडे होती. लाथा मारायचा खेळ, असं म्हणाला असतात. म्हणा.

एका वर्षी आम्ही कप जिंकलो आणि त्याच उन्हाळ्यात जिंकून देणारी सगळी फळी पास होऊन गेली, कोणी सोहारला नोकरीला, कोणी सूरला. उरली ती पहिल्या वर्षाची पोरं. बॉल आला की चौघं एकदम त्याच्यावर धावायची आणि गोलकीपर डोळे मिटायचा. मी प्रिन्सिपॉलना म्हटलं, सर, टीम मुळापासून बांधायची आहे, दोन वर्षं द्या. ते म्हणाले, इन्शाल्ला. या शब्दाचे इथे सतरा अर्थ होतात. त्यातला कुठला, ते सुरुवातीच्या मॅच हरल्यावर कळलं. "सेमीफायनल तरी गाठा, नाहीतर टीम दुसऱ्याकडे देतो." नोकरीला धक्का नव्हता. पण आप्पा, आठवडाभर लेथ मशीनपाशी मी उभा राहायचो तो शुक्रवारच्या मॅचच्या जोरावर.

लोकांना मात्र पोरं नवी असोत की जुनी, कप हवाच. केस कापणारा कात्री थांबवून विचारायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर माझं रोज श्राद्ध. दार्सैतच्या कृष्णमंदिरात प्रसादाच्या रांगेत एक वहिनी म्हणाल्या, "भावजी, परत हरलात म्हणे? चांगली चाललेली टीम मोडलीत कशाला?" मी मोडली! जशी काही पोरं मुद्दाम नापास करून ठेवायची होती. जुन्या फळीतले दोघं मात्र खरोखरच नापास झाले होते. नियमाने खेळू शकत होते, पण सरावाला कधी फिरकले नाहीत. सगळ्यांना तेच दोघं हवे होते.

गटातली शेवटची मॅच. जिंकलो तर सेमीफायनल, नाहीतर खलास. इथे मध्यंतर दिवस मावळताना, मगरिबच्या बांगेला होतं. अर्धी पोरं नमाजाला जातात, आणि मैदानाच्या भिंतीवर बसलेले उरलेसुरले सगळे सल्ला द्यायला खाली उतरतात. आम्ही एका गोलने मागे आहोत, तोही गोलकीपरच्या दोन पायांमधून गेलेला. ते दोघं नापास वीर बूट घालून बाकावर तयार बसलेत. भाई नमाज आटपून सगळ्यांच्या आधी माझ्यापाशी येतात. "मास्तर, गोलातल्या त्या खांबाला काढा हो भायेर! आणि या दोघांना घाला. दूध पिती पोरं उतरवलीत मैदानात, लाज नाय वाटत?"

मी म्हटलं, "भाई, आज यांना काढलं तर पुढच्या वर्षी हे येतील का?"

"पुढच्या वर्षी तुम्ही तरी असाल का?"

बरोबर होतं त्यांचं. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा आवाज चिरकला होता, आणि मला तुम्ही दिसलात. गावचा संघ हरला की तुम्ही ताटावरून उठायचात आणि आई म्हणायची, "त्या मेल्या कोचला पण एवढं लागलं नसेल." कोचला किती लागतं ते तुम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आप्पा. मी पोरं बदलली नाहीत. मॅच बरोबरीत सुटली, आणि माझी टीम गेली.

पुढच्या वर्षी नवा कोच आला. चांगला मुलगा, अदबीने वागायचा. त्याने माझीच पोरं घेतली आणि ती फायनलला गेली. मी भिंतीवर भाईंच्या शेजारी बसलो. भाई त्यालाही शिव्या देत होते आणि मधूनच मला म्हणत होते, "ह्याच्यापरीस तुम्ही बरे होतात." शेवटी पेनल्टी आली आणि माझ्या त्या खांबाने ती अडवली, डोळे टक्क उघडे ठेवून. मी भिंतीवरून उडी मारून अनवाणी धावलो. प्रिन्सिपॉल मला म्हणाले, "बघा, नव्या माणसाने काय टीम बांधली!" मी हो म्हणालो. सगळे समजले, मोठ्या मनाचा माणूस आहे. घरी बायकोनेही तेच सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहितो. फायनलच्या दिवशी मध्यंतरात पोरं नमाजाला निघाली तेव्हा तो गोलकीपर भिंतीपाशी थांबला. बर्का गावचा पोरगा, हिंदी मोडकंतोडकं. वर बघून म्हणाला, "सर, दुआ करो." मी म्हटलं, "करतो बाबा, जा."

केली नाही, आप्पा. तो परत येईपर्यंत मी तिथे बसून ही पोरं हरू देत, हरू देत, एवढंच म्हणत होतो.