आखाडातला लेसर

६ जुलै १९९७, संगमनेर
आखाड लागला. नव्या सुनेने पहिल्या आखाडात सासूचं तोंड बघायचं नाही — म्हणून माहेरी आले. नवऱ्याने, रविराजने, राहुरीला एसटीत बसवून दिलं. श्रावणात न्यायला येईल. तोवर हे बरं झालंच पाहिजे. राहुरीच्या डॉक्टरांनी दोनदा औषध लावलं, दोनदा नाजूक जागच्या त्या चामखिळी परत उगवल्या. माझ्यातच काही खोट असेल. सासरी कळलं तर म्हणतील, माहेराहून आणलं.

१० जुलै
आईला सांगितलं, पण कुठे ते नाही. "चामखीळच हाय ना? बिब्बा लाव. गळून पडंल." लावला. मूर्ख मी — त्या जागी बिब्बा! नुसती आग. बसवेना, उभं राहवेना. शेवटी आईला खरं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "चल नाशिकला."

११ जुलै
नाशिकच्या डॉक्टरबाईंनी बिब्ब्यावरून आईला चांगलंच झापलं. मला मात्र म्हणाल्या, "हा विषाणू आहे, एकमेकांकडून लागतो. यात लाज कसली?" भाजलेलं भरलं की लेसर. प्रकाशाच्या झोताने एकेक जाळणार. आणि म्हणाल्या, "नवऱ्यालाही तपासू." मी मान डोलावली. त्याला सांगणार कोण?

२१ जुलै
झाला लेसर! भुलीची सुई टोचली तेव्हा ओरडले, नंतर काहीच कळलं नाही. केस जळल्यासारखा वास तेवढा आला. घरी आरशात पाहिलं — एकही नाही, नुसत्या लालसर खुणा. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२४ जुलै
दुखतंय. दुखू दे.

२८ जुलै
एसटीडी बूथवरून रविराजला कारखान्यात फोन केला. मागे रांग. काय बोलणार? "शुक्रवारी नाशिकला दवाखान्यात या," एवढंच म्हटलं. त्याचा आवाज एकदम हळू झाला. "बरी हायेस ना? येतो. आखाड गेला चुलीत." ऐकून चिडला, मला माहेरीच ठेवलं तर? फार भीती वाटतेय.

१ ऑगस्ट
पेढे घेऊन आला. त्याला वाटलं, दिवस गेलेत! दवाखान्याच्या बाकावर सगळं सांगितलं. त्याने पुडा माझ्या मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "मला बी हायेत. लग्नाच्या आधीपासून. लाज वाटली."
आणि मी इतके दिवस स्वतःलाच दोष देत होते! राग आला. खूप. हलकंही वाटलं. आत जाऊन त्याचं नाव मीच नोंदवलं. पुढची तारीख दोघांची एकच.
पेढे मात्र मी एकटीने खाल्ले.