लाल टोपीवरचं नाव

रविवार, ९ जून १९९६, सकाळी सव्वासहा
(ती लाल टोपी उलटी करून आतल्या गाठी मोजत होतो. सदतीस भरल्या. मग हात धुऊन लिहायला बसलो.)

ति. सेनोनदादास,
सा. न. वि. वि. नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला.

गुरुवारी तायता सिप्रियानो पुनो शहरातून होडीने बेटावर परतले ते धक्क्यावरून तडक आपल्या अंगणात आले. लूसिलाचे वडील, माझे होणारे सासरे म्हणून मी त्यांच्यापुढे मान वर करत नाही, हे तुला माहीत आहे. त्यांनी एक लाल टोपी माझ्या अंगावर फेकली. तिला माझ्या नावाची चिठ्ठी होती. सगळ्या आळीदेखत त्यांनी विचारलं, की पुनोत कुठली बायको करून ठेवली आहेस? लाल टोपी लग्न झालेल्याची. माझ्या डोक्यावर अजून पांढऱ्या शेंड्याचीच आहे, आणि लग्न लागेपर्यंत आपल्यात कुणी अख्खी लाल टोपी सुईवर धरत नाही. ही मी विणलेली नाही, मशीनची आहे, असं सांगितलं, तर म्हणाले, की मग मशीनचाच नवरा हो, माझा जावई नको. पुढच्या रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर पंचांसमोर उत्तर द्यायचं, नाहीतर लग्न मोडलं.

शुक्रवारी होडीने पुनोला गेलो. स्टेशनमागच्या बाजारात तसल्या टोप्यांचा ढीग होता. हाताला चिकट लागत होत्या आणि वास रॉकेलच्या डब्याचा. विकणारी बाई एका परदेशी जोडप्याला सांगत होती, की हा फाउस्तो पोरका आहे, एका डोळ्याने आंधळा, मेणबत्तीपाशी बसून विणतो. मी दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर उभा होतो. मलाही म्हणाली, की घे रे, पुण्य लागेल. इथे आई सातू कापते आहे आणि तिकडे तुम्ही तिला पुरून मोकळे! तरी पुरावा म्हणून दोन टोप्या घेतल्या.

दादा, चिठ्ठीवर 'वाट्टा' नाही, 'वाटा' लिहिलं आहे. आपल्या आडनावातला एक ट खाणारा या सरोवरावर एकच माणूस आहे. त्यापायी मास्तरांनी त्याला उन्हात उभं केलं होतं. मी तिसरीपर्यंतच शिकलो, पण दोन ट मोजता येतात.

रविवारच्या आत ये आणि पंचांना खरं सांग. माझा लोभ उरेल असं वाग.
फाउस्तो


पुनो, १२ जून

चि. फाउस्तोस,
अ. उ. आ. शुद्धलेखन दहापैकी दहा!

हो बाबा, मीच. हुलियाकाच्या एका कारखान्यातून टोपी सहा सोलला उचलतो, बाजारात पंचविसाला जाते. बेटावरच्या सामाईक दुकानाच्या वहीतून पंचांनी माझं नाव कापलं, का तर माझी वीण सैल. तुझी घट्ट, म्हणून तुझं नाव खपतं. याचा राग कसला धरतोस, मिरव की! आंधळा डोळा त्या बाईच्या पदरचा, मी फक्त पोरका म्हणालो होतो. आणि लाल-पांढऱ्याचं म्हणशील, तर ते कारखानेवाल्याला काय कळणार? बेट सोडून आठ वर्षं झाली, माझ्याही ध्यानात आलं नाही.

मी येणार नाही. आलो तर पंच माझ्या वाट्याचं वावर काढून घेतील. कुणा परक्याने केलं असं सांगून टाक. सोबत चाळीस सोल पाठवतो आहे, तुझ्या नावाचे. आईला यातलं काही कळू देऊ नकोस.

शिव्या घाल, पण पत्र घालायचं सोडू नकोस.
तुझा सेनोन


सोमवार, १७ जून

ति. दादास,
सा. न.

काल चौकात तुझं पत्र माझ्या कमरपट्ट्यात होतं. परका म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांत बसलेली लूसिला दिसली. मी तुझं नाव घेतलं. वावर गेलं. आईने शाल तोंडावर ओढली ती घरी येईपर्यंत काढली नाही.

तायतांनी चारचौघांत मला मिठी मारली. ऑगस्टात लग्न करू म्हणाले. मग कोकाची पानं द्यायच्या निमित्ताने भिंतीआड नेलं आणि हळूच विचारलं, की सहा सोल हा भाव खरा का? त्यांच्या पुतण्याचं पुनोत दुकान आहे. त्यांना डझनभर हव्यात. नाव पुतण्याचं घालायचं आणि चिठ्ठ्या मी लिहायच्या, कारण माझं अक्षर शुद्ध आहे. तोंडातली पानं थुंकायला हवी होती. मी गिळली.

तेव्हा बारा टोप्या पाठव. पांढऱ्या शेंड्याच्याच बघून घे. पुतण्याचं लग्न व्हायचं आहे.

लोभ ठेव म्हणायला मला तोंड नाही.
फाउस्तो

खर्च: होडी सोळा सोल, दोन टोप्या पन्नास, टपाल दीड. एकूण साडेसदुसष्ट, ते माझ्या पदरचे.
बारा टोप्यांचे बहात्तर. तुझे चाळीस सोल शिवलेदेखील नव्हते, ते त्यात धर.
बाकी देणे बत्तीस.