गुळांबा सरला की येईन

प्रिय यमुनाबाई,

तुला अहो म्हणू की अगं, याच विचारात अर्धा घंटा गेला. मानानं तू मोठी. पण तू गेलीस तेव्हा बावीसची होतीस आणि बावीसचीच राहिलीस. मी मात्र पन्नाशीला टेकले, उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. बावीसच्या पोरीला काय अहो म्हणायचं! अगंच म्हणते. गोड मानून घे.

मी गिरजा. तुझ्यामागून या घरात आलेली, तुझी धाकटी सवत. तुझ्या नावाचा चांदीचा टाक सदतीस वर्षं माझ्या गळ्यात आहे. नवं लुगडं आलं की आधी तुझ्यापुढे ठेवते, मग नेसते. तोंडानं तर तुझ्याशी रोजच बोलते, पण कागदावर कधी लिहिलं नाही. माहेरी दोन बुकं शिकले, तेवढ्यावर कुठली पत्रं! आज बसले, कारण काल तुझी मैना येऊन गेली आणि माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. सकाळपासून उगीच हसते आहे. हे मघाशी म्हणाले, "काय झालं वं? भांग तं नाई घेतली?" काल सगळं ऐकलं, तरी यांना काय उमगणार? ही गोष्ट तुझी-माझी आहे.

बरणीपासूनच सांगते. तू त्या उन्हाळ्यात गुळांबा घातलास, चिनी मातीच्या त्या पिवळ्या बरणीत. वरून फडक्याचा दादरा असा घट्ट बांधलास की अजून ती गाठ माझ्या डोळ्यांपुढे आहे. आणि श्रावणात तापानं गेलीस. मैना चार वर्षांची. दारात बसून रडायची, जेवायची नाही. तेव्हा सासूबाईंनी तिला त्या बरणीतला चमचाभर चाटवला आणि म्हणाल्या, "उगी माय, उगी. तुही माय गावाले गेली. हा गुळांबा सरला की येईन."

काय बोलून बसल्या बाई! त्यांनी पोरीचं रडं थांबवायला म्हटलं, पण पोरीनं ते धरून ठेवलं.

मार्गशीर्षात माझं लग्न लागलं. मी तेरा वर्षांची. हळद उतरली नव्हती तेवढ्यात तुझी मैना वाटी घेऊन माझ्यापुढे उभी. मला नवी म्हणायची. "नवे, गुळांबा दे." दिला. घटकाभरानं पुन्हा आली. पुन्हा दिला. संध्याकाळी पोट दुखायला लागलं, तरी वाटी हातात. मी म्हटलं, "अवं, पोट फुटंन! इतका कायले खातं?" तर म्हणते, "मले लौकर सरवाचा हाय. माय येणार हाय न."

यमुनाबाई, मी तेव्हा लेकरूच होते गं! मला रडू आलं आणि भीतीही वाटली. आज ना उद्या बरणीचा तळ दिसेल, ही दारात जाऊन बसेल, आणि तू काही यायची नाहीस. मग काय सांगायचं? कोण सांगणार? मीच ना! घरातली बरणी माझ्या हातात आली होती.

मग मी गुळांबा पुरवायला लागले. शिळ्या पोळीचा कुस्करा करायचा, त्यात तूप आणि वर नुसता नखाएवढा गुळांबा. दशमीला पुसटसा हात फिरवायचा. एकदा शेवयांच्या गरम दुधात चमचाभर घातला, पाहुणे बसले होते, आणि अख्खं दूध फाटलं! सासूबाई म्हणाल्या, "दूध नासवाले माहेरून शिकून आली का वं?" तेव्हापासून शेवया पाण्यात शिजवून निथळायच्या, तूप सोडायचं, मग गुळांबा. अजून तशाच करते. कारंजात मैनाच्या सासरी त्यांना धनजच्या शेवया म्हणतात. चूक माझी आणि नाव आपल्या गावाचं!

किती पुरवला तरी वैशाखात बोटभर उरला. त्या वर्षी मी घरासाठी गुळांबा घातला. पहिला घाणा तर कळकलाच, पितळी पातेल्याची कल्हई उडाली होती ते माझ्या ध्यानात आलं नाही. दुसरा बरा साधला. ताटलीवर थेंब टाकला, ओघळला नाही. करणं काही चोरी नव्हती. तुझ्या बरणीत भरणं ही चोरी.

पण मैनाला आधी साधाच चाखवून बघितला, तर तोंड वाकडं केलं. "हा मायचा नाई."

असं काय घातलं होतंस गं तू? मला एक शब्द तरी ठेवून जायचास! मी डोळे मिटून तुझा चाखला. शेपूसारखा वास. शेजारच्या काकूला विचारलं, तर ती म्हणाली, विहिरीवरच्या शेप्या आंब्याचा असणार. त्या झाडाच्या कैरीलाच तसा वास. मी धावत विहिरीवर गेले. नुसतं खोड. भर पावसात तुझ्यासाठी कोरडं लाकूड मिळेना, म्हणून तेच अर्धवट वाळलेलं झाड तोडलं होतं. तू गेलीस, ते झाडही सोबत नेलंस. बरं केलंस, पण माझी पंचाईत करून गेलीस ना!

मग मला सौंफ सुचली; बडीशेपेलाही तसाच वास. खलात कुटली, पदराच्या गाठीला बांधली, दुपारी सासूबाई आडव्या झाल्यावर गुळांब्यात कालवली. तळाचा तुझा बोटभर तसाच ठेवला, विरजण ठेवतात तसा, आणि वर माझा ओतला. आधी एक वाटी तुझ्या टाकापुढे ठेवली. हात जोडून म्हटलं, "रागवायचं असेल तर आत्ताच रागव. लेकराला कळू देऊ नको." तू काही केलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मैनानं बोट चाटलं आणि मान हलवली. मायचाच!

तेव्हापासून दरसाल असंच. मी ओतत राहिले, ती खात राहिली. "नवे, हा काहून नाई सरून राह्यला?" मी म्हणायची, "तुह्या मायचा हात मोठा होता." कधी पोळ्याला कानोल्यात भरायची, कधी कणकेत कालवून गुलगुले तळायची. तिला वाटायचं मी सरवायला मदत करते आहे. आणि मी तर सरूच देत नव्हते! पोरगी आईची वाट बघते आणि आपणच वाट लांबवतो, असं वाटून कितीदा ओतता ओतता थांबले, काय सांगू.

मग एक दिवस तिनं विचारणं सोडलं. ती सहा-सात वर्षांची असेल. मी चुलीशी होते, ती मागून आली, पदराला नाक लावलं आणि म्हणाली, "आई, भूक लागली." आई! भाकरी तव्यावर जळली. मला वाटलं, सासूबाईंनी शिकवलं असेल, त्या आदल्याच दिवशी तिला रागावल्या होत्या. मी जास्त विचारलं नाही. कोणी दिलेलं दान परत मागेल म्हणून आपण मूठ झाकून घेतो ना, तसं केलं.

पण ती भीती गेली नाही बघ. पोरगी मोठी झाली, कारंजात दिली, तिला कुसुम झाली, तरी दर उन्हाळ्यात बरणी भरताना एकच मनात यायचं. हा शब्द मी फसवून घेतला आहे. जिला मायचा म्हणून खायला घातलं तो मायचा नव्हताच. ज्या दिवशी हिला कळेल, त्या दिवशी ही मला आई म्हणायची थांबेल. पोटची दोन पोरं झाली मला, त्यांच्या आई म्हणण्याची अशी धास्ती कधी वाटली नाही. हिच्याच वाटली.

यंदा माझी बोटं सुजली आहेत. विळीवर कैरी धरवत नाही, ढवळताना मनगट भरून येतं. आणि काल मैना आली बरणी न्यायला. आपल्या कुसुमला आठवा लागला आहे, बाळंतपणाला मैनाकडेच आली आहे, आणि डोहाळे कशाचे? आजीच्या बरणीच्या गुळांब्याचे! मी स्वतःला म्हटलं, गिरजे, आता सांग. तू डोळे मिटलेस आणि बरणी रिकामी झाली, तर या पोरीनं काय समजायचं?

तिला ओसरीवर बसवलं. पाणी दिलं. "मैना, नीट बस. या बरणीत तुह्या मायचं काई नाई. तळाशी थेंब असंन तं असंन. बाकी सारा माह्या हातचा हाय. पह्यल्या सालापासून."

आणि ही हसायला लागली!

"अन् सौंफ?"

"कोणती सौंफ?"

"आई, गुळांब्यात सौंफ कोन टाकते वं? साऱ्या धनजात इचारून ये!"

मैनाच पुढे म्हणाली, "एक डाव अख्खी सौंफ माह्या दातात अडकली. पह्यल्यापासून तोच वास, पण काय हाय ते समजत नव्हतं. मंग तुह्या पदराचा वास घेतला. पदरात सौंफ."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं तू बंद केलं असतं." बरणी मांडीवर ओढून घेतली. "मले समजलं, माय नाई येत. कोनीच नाई येत. पण ही नवी रोज भरून राह्यली. मंग तिले नवी कशाले म्हनू?"

त्याच दिवशी, यमुनाबाई! त्याच दिवशी ती मला आई म्हणाली. कळल्यावर! आणि मी वेडी तीस-चाळीस वर्षं तिला कळेल म्हणून भीत राहिले.

मी इतकी रडले की हे धावत आले. "काय झालं?" मैनानं सगळं सांगितलं. तर हे म्हणतात, "बाप्पा! मले तं दोन्ही सारखेच लागत होते." आम्ही दोघी अशा हसलो की बरणी सांडली असती. आता सांग, अशा माणसासाठी तू शेप्या आंबा शोधत बसायचीस?

सासूबाईंना माहीत होतं का गं? डब्यातली सौंफ दर वैशाखात कमी व्हायची, आणि त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. इतर वेळी वेलदोडे मोजून ठेवणारी बाई! त्या आता तुझ्याकडेच आहेत. विचारून ठेव. मी आले की सांग.

मैना बरणी घेऊन निघाली. मी म्हटलं, थोडा तळाशी ठेव, पुढच्या सालाला लागेल. तर गाडीत बसता बसता म्हणाली, "नाई ठेवत. आजी काय म्हने? सरला की येईन. मंग सरू दे न एकदाचा. कुसुमले पोरगी झाली तं नाव ठरलं हाय."

कोणतं ते मी लिहीत नाही. तुला कळलंच.

आता माझा शब्द ऐक. बरणी रिकामी होऊन आली की मी तिच्यात गुपचूप काही भरणार नाही. स्वच्छ धुऊन उन्हात ठेवीन. सदतीस वर्षांत तिच्या तळाला ऊन लागलेलं नाही. पुढच्या वैशाखात मैना कैऱ्या कापेल, मी पाक बघीन, सगळ्यांच्या देखत, सौंफ घालूनच. पहिली वाटी तुझ्यापुढे, आणि पहिलं बोट त्या तान्हीला चाटवीन. मुलगा झाला तर काय, असं विचारू नकोस. ते तू बघ.

हे पत्र घडी करून देव्हाऱ्यात ठेवते आहे. घाई करू नकोस. कुसुम हळूहळू खाते.

तुझी धाकटी,
मैनाची आई,
गिरजा