शिंगाचा पेला

आई, तुला जाऊन किती वर्षं झाली, आणि या हिवाळ्यात एका सकाळी अचानक तुझ्या कामाचा वास आला. कॅनडातल्या ग्वेल्फ गावात आमच्या घरासमोर मी बर्फ शोव्हल करत होते. शेजारच्या गॅरेजमधून जळक्या केसांसारखा वास आला. तापलेल्या शिंगाचा. फावडं तिथेच टाकून मी त्या गॅरेजमध्ये शिरले.

शेजारी म्हातारा आहे, एकटाच राहतो. त्याचे पूर्वज आइसलँडचे, म्हणून तो बैलाच्या शिंगाचे, जुन्या वायकिंग लोकांची आठवण म्हणून मोठे, धरायला कान असलेले पेले करतो. बिअर प्यायला. लेकीच्या लग्नात नवरा-नवरीने एकाच पेल्यातून प्यावं, अशी त्याची फार इच्छा. पण अलीकडे त्याचे हात थरथरायला लागलेत. एक शिंग तापवताना तडकलं होतं आणि त्या मापाचं दुसरं एकच उरलं होतं. "हात स्टेडी राहत नाही गं," असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला आणि खाली बघत बसला. मी म्हटलं, "माझी आई शिंगाचे कंगवे करायची. मी ट्राय करू?" त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातमोजे काढून दिले.

मला आपली मागची पडवी दिसते. तू शेगडीवर म्हशीचं शिंग फिरवते आहेस, मी शेजारी उकिडवी. एकदा मी घाईने ते दाबलं, काडकन तडा गेला, आणि तू केवढी ओरडलीस! "मऊ झालं की ते हाताला सांगतं. तोवर जोर करायचा नाही." शिंग कसलं सांगतंय, असं मला वाटायचं. पुढे मी इंजिनिअर झाले, कॅनडात येऊन इथल्याच केंब्रिज गावातल्या कार प्लांटमध्ये लागले, आणि शिंगाशी संबंध संपला.

गॅरेजमध्ये गरम हवेच्या झोतावर मी ते उरलेलं शिंग फिरवत राहिले. बराच वेळ दगडासारखं टणक. मग आई, ते एकदम हातात सैल पडलं, झोपलेल्या मुलाची मान पडते तसं. मेपलच्या लाकडाची चकती मी तळाशी दाबून बसवली, आणि निवता निवता शिंगाने ती आवळून धरली. घासून, तेलाचा हात फिरवून पेला खिडकीशी धरला तर आतून मधासारखा उजेड, त्यात ढगांसारख्या रेषा. त्या जनावराने हे सगळं आयुष्यभर डोक्यावर वागवलं आणि कुणाला दिसलंसुद्धा नाही! पाणी भरून आम्ही दोघं श्वास रोखून तळ बघत बसलो. थेंबही गळला नाही. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "तुझी आई आज इथे हवी होती."

लग्नात त्याच्या मुलीने दोन्ही हातांनी पेला उचलला, प्यायली, नवऱ्याला दिला. मग सगळ्या हॉलमधून वाट काढत माझ्यापाशी आली आणि तो माझ्या हातात ठेवून म्हणाली, "युअर टर्न."

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. त्यात बिअर होती आणि मी दोन घोट घेतले. पहिला तिच्या आग्रहाखातर. दुसरा, तो पेला आणखी थोडा वेळ हातात राहावा म्हणून.