आर्डिथला दिलेले पन्नास

आदरणीय मार्डेलताई,

नमस्कार. तुमची पाठ कशी आहे, आणि एलरॉय साडूंचा गुडघा? (दफनभूमीच्या चढावर त्यांना धाप लागलेली दिसली. विचारायला हवं होतं. पण तोवर तुम्ही माझ्याशी बोलणं बंद केलं होतं आणि ते तुमच्या बाजूला उभे होते.) माझं बरं आहे. चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेलं जेवण अजून संपत नाही. कुणाचं भांडं कुठलं ते आर्डिथला एका नजरेत कळलं असतं. मला तळाला चिकटवलेली नावं वाचावी लागतात, आणि नाव वाचायला भांडं उलटं केलं की आतलं खाली येतं, हे एका भांड्याच्या बाबतीत मला उशिरा सुचलं. ते भांडं ऑर्गनवाल्या लव्हॉनचं निघालं.

मंगळवारी आर्डिथच्या अंत्यविधीला चर्चमध्ये जे झालं त्याबद्दल लिहायचं आहे. फोनवर मला जमलं नसतं. तुम्ही उचलला नसता, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

झालं असं की पास्टर ड्रेयर मला म्हणाले, "वेंडेल, दोन शब्द बोल. ती कशी होती एवढंच सांग." माणूस कसा आहे हे सांगण्यावरच माझं पोट चाललं, हे खरं आहे. पण ते बेसबॉल खेळणाऱ्या पोरांबद्दल, तेही कागदावर, आणि वरच्या ऑफिसला. मैदानावर तर आम्ही संघासाठी पोरं हेरणारे पारखी लोक जाळीमागे सूर्यफुलाच्या बिया चघळत कंटाळल्यासारखे बसतो. एखादा पोरगा मनात भरला, तर तो शेजारी बसलेल्या दुसऱ्या संघाच्या माणसाला कळू नये म्हणून. त्याची चेहऱ्याला इतकी सवय होते की मग घरीही तो हलत नाही. (आर्डिथ म्हणायची, "आपल्या लग्नातही तू असाच उभा होतास, जणू दुसऱ्या संघाचा माणूस मला न्यायला आलाय.") तर मला येतं तेवढंच मी केलं. तिच्यावर अहवाल लिहिला आणि वाचला.

आमच्याकडे उणिवा आधी लिहितात. उणिवा नसलेला अहवाल पाहिला की ऑफिसला वाटतं, पोराच्या आईनं याला जेवू घातलेलं दिसतंय. म्हणून मी पळण्यापासून सुरुवात केली आणि तीस म्हणालो. लोक हसले. बरं चाललंय, असं वाटलं. मग हाताला साठ दिले, कारण माडीच्या खिडकीतून तिनं फेकलेल्या किल्ल्या नेमक्या माझ्या ओंजळीत यायच्या, मी ओंजळ केलेली नसली तरी. नजरेला सत्तर. तेव्हा पास्टर मान डोलावत होते. आणि मग मी म्हणालो, एकूण पन्नास.

तुमचा आवाज पहिल्या बाकावरून आला, "पन्नास? शंभरात?"

एलरॉय मला सावरायला गेले. "शंभरात नाही गं, ऐंशीत. आणि सुरुवात विसापासून. वीस सगळ्यांनाच फुकट मिळतात."

त्यांचा हेतू चांगला होता.

ताई, पन्नास म्हणजे अर्धं नव्हे. पन्नास म्हणजे मोठ्या लीगमध्ये रोज खेळणारा माणूस, थंडीत, तापात, वर्षानुवर्षं. उद्या मैदानावर कोण, याची ज्याच्यामुळे काळजी उरत नाही, असा. मी पाहिलेल्या बहुतेक पोरांना तीसच्या पुढे कधी काही लिहिता आलं नाही, आणि ती आपापल्या गावात सगळ्यात चांगली होती. पन्नास दिलेली पोरं मोजायला मला एक हात पुरतो. ऐंशी मी कधीच कुणाला दिले नाहीत. आमच्यातल्या एकानं एकदा दिले होते. तो पोरगा आता कॅन्ससमध्ये ट्रॅक्टर विकतो आणि देणारा विमा विकतो.

हे सगळं मी तिथेच सांगायला हवं होतं. पण पुढचा रकाना आला. आम्ही प्रत्येकाला आजचे गुण देतो आणि पुढे किती वाढेल तेही लिहितो. (अठरा वर्षांच्या काडीसारख्या पोरात तीस वर्षांचा गडी दिसायला हवा, आमचा धंदा तोच.) पास्टर नुकतेच अनंत जीवनावर बोलून खाली बसले होते, आणि मी वाचलं, "पुढे वाढीची शक्यता नाही." मग मी थांबलो. लोकांना वाटलं मला भरून आलं. खरं म्हणजे मी चष्मा काढून ती ओळ पुन्हा पाहत होतो. लव्हॉनला वाटलं माझं संपलं, तिनं ऑर्गन सुरू केला. दफनभूमीहून परतल्यावर चर्चच्या तळघरात जेवताना पास्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वेंडेल, आपण कधीतरी निवांत बोलू या." त्यांना वाटतंय माझा विश्वास उडाला. तसं काही नाही, पण हे त्यांना सांगायला आणखी बोलावं लागेल.

लव्हॉननं मला हॅमचा अर्धाच तुकडा वाढला आणि विचारलं, "पन्नास टक्के पुरेल ना?" ते मला लागलं नाही, तिच्या भांड्याचं प्रायश्चित्त म्हणून ते आगाऊ जमा धरलं. लागलं ते तुमचं, पन्नासनंतर माझ्याशी बोललात ते एकच वाक्य. "वेंडेल, तू बायकोला निरोप देत होतास का घोडा विकत होतास?" एवढं म्हणून तुम्ही बटाट्याचं सॅलड उचललंत, बसल्या होतात ती खुर्चीही रागात मिटून काखेत मारलीत आणि निघालात. तुमचं बरोबर होतं. घोडा विकणारासुद्धा आधी चांगली बाजू दाखवतो.

रविवारी संध्याकाळी तुमचा फोन यायचा. तो तुमच्या बहिणीसाठी असायचा, मला ठाऊक आहे. पण वाजायचा घरात.

मला लाज वाटते आहे. माफी मागतो. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

तुमचा,
वेंडेल

ता. क. तुम्ही नेलेली ती हिरवी घडीची खुर्ची चर्चची नाही, तेव्हा चर्चमध्ये परत करू नका. ती आर्डिथची आहे. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या म्हणून मी माझ्या गाडीतून काढली होती. शिवणीत बियांची टरफलं अडकलेली असतील. झटकू नका.

ता. क. हे लिहिणार नव्हतो, गेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं होतं. मी आधी सगळीकडे ऐंशी लिहिले होते. हॉस्पिटलात ती म्हणाली, "काय बोलणार आहेस ते आधी दाखव, नाहीतर घोळ घालशील." वाचलं आणि म्हणाली, "ऐंशी? अरे, मार्डेल उठून जाईल. तिनं मला स्वयंपाक करताना पाहिलंय. पन्नास लिही. तुझ्याकडून पन्नास म्हणजे मी भरून पावले." बाकीचे आकडेही तिनंच घातले. शेवटची ओळ तिनं सांगितली, आणि इतकी हसली की नर्स धावत आली. मी विचारलं, ही गंमत आहे का? "तू वाच तर," म्हणाली. मी वाचलं.

ता. क. शनिवारी दुपारी तुमच्या गावच्या कॉलेजच्या मैदानावर एक डावखुरा पोरगा पाहायचा आहे. हात, वेग, ते मी बघेन. पण पोरगा मनानं कसा, हा रकाना नेहमी ती भरायची. त्यानं फेकलेल्या चेंडूंना मार बसल्यावर तो बाकावर येऊन कुणाशी कसा वागतो, जाळीपलीकडच्या आईकडे बघतो की नाही, हे ती बघायची आणि मला हळूच आकडा सांगायची. मला ते दिसत नाही, मंगळवारी तुम्ही पाहिलंच. खुर्ची तुमच्या गाडीतच असेल तर घेऊन याल का? माझ्या शेजारी लावू. बोलायचं नसलं तर बोलू नका. तिथे कुणीच बोलत नाही.