आतली कडी

परभणी,
४ जानेवारी २०२५

ति. शिवकन्याताईस, धाकट्या बजरंगचा सा. न.

मी खुशाल आहे. आता तसं छापूनही आलंय. मानसिक आजारातून सावरलेले आम्ही अकरा जण या निवासात किती समाधानी आहोत, हे मोजायला संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे तीन चेहरे: हसरा, गप्प, रडका. व्यवस्थापक दत्तराव मदतीला शेजारीच बसले होते, पेन रडक्या चेहऱ्याकडे वळू नये म्हणून.

आमच्यातल्या कडूबाईंनी बावीसही हसरे केले. पाहुणीसमोर रडकं तोंड कुठं करायचं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांनी तीच रीत पाळली. मीही.

मला खोलीला आतून कडी हवी आहे. गोळ्या वेळेवर घेतो, किराणा दुकानात कामाला जातो. पण कपडे बदलताना कुणीही दार ढकलून आत येतं, तेव्हा मी पुन्हा पेशंट होतो. दत्तरावांकडे कडी मागितली, तर शंभर टक्के समाधानाचा कागद दाखवून म्हणाले, आता आणखी काय पाहिजे.

लोभ तेवढा आटू देऊ नकोस.
बजरंग

चुडावा,
१२ जानेवारी

चि. बजरंगास अनेक आशीर्वाद.

तुझं समाधान वाचून धन्य झाले. नातेवाइकांचाही फॉर्म आला होता. मीही सगळे हसरे चेहरे करून पाठवले, वर्षभरात एकदाही तिकडे न फिरकता. लाज वाटली रे.

दत्तरावांना फोन केला. आतून कडी लावून त्यानं जिवाचं काही करून घेतलं तर, असं म्हणाले. ती भीती मलाही आहे. पण पूर्णेच्या बाजारात बाहेरून नाण्यानं उघडता येणारी कडी मिळाली. ते कळवल्यावर, बरं, बसवा, म्हणाले. रविवारी घेऊन येते. सुतार नसला तर मीच बसवीन.

माझी माया उशिरा का होईना, पदरात घे.
शिवकन्या

परभणी,
२८ जानेवारी

ति. ताईस सा. न.

तू बसवलेली कडी वाकडी आहे, पण लागते. दत्तराव म्हणतात, तुझ्या बहिणीचं समाधान करणं लय अवघड हाय. कडी बसल्यावर पहिले काही दिवस काळजीनं दारापाशी घुटमळायचे. आता वाजवून जातात.

काल मॅडम पुन्हा आल्या, शंभर टक्के समाधानी माणसाचा फोटो काढायला. दार ढकललं, उघडलं नाही. मग वाजवलं. मी सदरा घालत होतो. आतूनच म्हणालो, थांबा.

त्या थांबल्या, ताई. मी सगळी बटणं सावकाश लावली.

लोभ घेऊन लवकर ये. फक्त दार वाजव.
तुझा बजरंग