वायर काढू नये

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. पुढे कुणाला माझ्या कामाचा इतिहास लागला तर हाताशी असावा.
वडगावच्या आमच्या कंपनीने डेअरीसाठी वजनकाटा आणि कॉम्प्युटर अशी जोडी काढली आहे. दोघांना एकमेकांशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, माझा. पहिली जोडी आमच्या औंढ्याच्या डेअरीत बसली. साहेब म्हणाले, शनिवारपर्यंत बिनतक्रार चालली तर ड्रायव्हरचा अख्खा विभाग तुमच्याकडे, नाहीतर अनिताकडे. अनिताला नोकरीला लागून दीड वर्ष झालंय. साहेब विनोदी आहेत.

संध्या. ७
अनिताने माझा कोड वाचून शेरा पाठवला. काटा जोडला की मी त्याच्या नावाने कॉम्प्युटरची थोडी मेमरी, म्हणजे जागा, घेतो, वायर निघाली की तिथल्या तिथे मोकळी करतो. स्वच्छ काम. हिचं म्हणणं, वायर निघाली तरी स्क्रीनवरचा प्रोग्रॅम ती मेमरी धरून बसलेला असतो. कितीजण धरून आहेत ते मोजत राहा, शेवटच्याने सोडली की मगच मोकळी करा. सतरा वर्षं मी काही मोजलं नाही. मोजणं हे कारकुनाचं काम. ‘शेरा पाहिला’ एवढंच कळवलं.

४ नोव्हेंबर
डेअरीत गेलो. सेक्रेटरी दत्तोबा. दूध सांडलं की हा गृहस्थ काट्याची वायर उपटतो, काटा बाजूला ठेवतो, फरशीवर बादली ओततो आणि वायर पुन्हा खुपसतो. स्क्रीन तशीच चालू. एका संध्याकाळी एकोणीस वेळा. (मोजले. हे मोजणं वेगळं.)
रांगेतल्या हिराचं दूध मोजून झाल्यावर त्याने वायर काढली, तर स्क्रीनवर बत्तीस हजार लिटर. मग कॉम्प्युटर गोठला. हिराकडे एक म्हैस आहे. ती म्हणाली, पावती द्या. सगळी रांग हसली.
दोष ड्रायव्हरचा नाही. माणसांचा आहे.

५ नोव्हेंबर
काट्यावर ठळक अक्षरांत कागद चिकटवला: वायर काढू नये. दत्तोबाने मोठ्याने वाचला, अक्षर चांगलंय म्हणाला, वायर काढली आणि कागदासकट काटा धुतला.
संकल्प: अडाणी माणसांवर चिडायचं नाही.
चिडलो.

६ नोव्हेंबर
आंघोळ करताना सुचलं. मेमरी सोडायचीच नाही! दर वेळी नवी घ्यायची, जुनी पडून राहू दे. सोडलेली कुणी वापरली तर भानगड. सोडलीच नाही तर भानगड कसली? एक ओळ खोडली, संपलं. तुमच्या शेऱ्याची गरज उरली नाही, असं अनिताला कळवलं. तिने विचारलं, मग परत कधी देणार? लहान आहे.
दोन्ही वेळेला डेअरी सुरळीत. माझ्या विभागात खुर्च्या कशा मांडायच्या त्याचा नकाशा काढून ठेवला.

७ नोव्हेंबर
कॉम्प्युटर दुपारपासून रांगतोय, संध्याकाळी बसलाच. घेतलेली मेमरी साठत गेली. मी ती मागतोही जरा ऐसपैस. हात आखडणं माझ्या स्वभावात नाही.
डेअरीच्या किल्ल्या झुंबरबाईंकडे. दूध घालून झालं की लोक मागच्या बंदिस्त अंगणातल्या नळावर किटल्या धुतात. प्रत्येकाने आत येताना बाईंच्या ताटलीत एक खडा टाकायचा, जाताना उचलायचा. दत्तोबा कधीच घरी गेलेला असतो, पण ताटली रिकामी झाल्याशिवाय बाई कुलूप लावत नाहीत. कीव आली. समजावलं की सेक्रेटरी गेला म्हणजे डेअरी बंद, कुलूप लावायचं आणि सुटायचं. त्या म्हणाल्या, "आन् मागं कुनी ऱ्हायलं तर?" म्हटलं, तो त्याचा प्रश्न. बराच वेळ घातला तेव्हा कुठे ऐकलं. ताटली फळीवर ठेवली.
गावात एक तरी माणूस सुधारलं.

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी पहिलाच ड्रायव्हर परत घातला, तिथल्या तिथे मोकळं करणारा. दत्तोबाला म्हशीची शपथ घातली: आज वायरीला हात नाही.

संध्या. ७.४०
डेअरीच्या आतून लिहितोय.
साहेब आणि अनिता सहाला आले. पाऊण तास झकास. मग दूध सांडलं. दत्तोबाने शपथ पाळली, नुसती बादली उचलली. काट्यावर पाणी उडेल म्हणून वायर साहेबांनी स्वतः काढली. पासष्ट हजार लिटर. पडदा काळा. साहेब अनिताला घेऊन गाडीतून निघून गेले.
मी मागच्या नळावर गेलो. तोंड धुवायला. जरा वेळ लागला. परत येतो तर दाराला बाहेरून कुलूप. दत्तोबा गेला होता, म्हणून झुंबरबाई लावून गेल्या. मी सांगितलं होतं, अगदी तसंच.
हाका मारल्या. कुणी नाही. बाईंकडे फोन नाही, दत्तोबा उचलत नाही, साहेबांना लावायची छाती नाही. अनिताला लावला, झालं ते सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "सर, आत कोणी आहे का, ते मोजलं नव्हतं का?"
नव्हतं म्हटलं.

९ नोव्हेंबर
दत्तोबाच्या घरी निरोप पोचवला तोही अनितानेच. सव्वाआठला सुटलो. झुंबरबाई ओशाळल्या होत्या. म्हणाल्या, "तुमीच ताटली नगं म्हनला व्हता, भाऊ."
विभाग अनिताकडे. तिची दुरुस्ती आली, अकरा ओळींची. धरलं की एक वाढवा, सोडलं की एक कमी करा, शून्य झालं की मोकळं करा. ताटलीच आहे.
सकाळी ड्रायव्हर बदलायला डेअरीत गेलो. ताटली परत दारात होती. माझ्या हाताने खडा टाकला. दत्तोबाने मुद्दाम वायर उपटून पाहिली. कॉम्प्युटर जागचा हलला नाही. नऊला घरी.

दु. १२.३०
दत्तोबाचा फोन. झुंबरबाई अजून दारात बसून आहेत, जेवायलाही उठत नाहीत. ताटलीत एक खडा राहिलाय म्हणे.